ठाणे-नवी मुंबईत राहून सर्फिंग शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा. वय 41, राहणं घणसोलीला, नोकरी ऐरोलीत. लेक 13 वर्षांची. दोघांनाही सर्फिंग शिकायचं आहे. तरणतलावात दोन-तीन फेऱ्या पोहता येतं, समुद्रात कधी पोहलेले नाहीत. मोठे बंधू म्हणतात, उरण-अलिबाग हाकेच्या अंतरावर आहे, दर रविवारी जा आणि शिका. मग जवळ कुठे जावं, वय आडवं येईल का, आणि आधी बोर्ड विकत घ्यावा का?

वय आडवं येणार नाही. बोर्ड आत्ता घेऊ नका. आणि बंधूंचा सल्ला कितीही आपुलकीचा असला तरी मानू नका. मी बेलापूरला राहते, पोहायला शिकवते आणि हंगामात नवशिक्यांना घेऊन दक्षिणेकडच्या किनाऱ्यांवर जाते. त्या अनुभवावरून सांगते: घरी राहून सर्फिंगची तयारी उत्तम करता येते, सर्फिंग मात्र इथे शिकता येत नाही. बहुतेक जण नेमकं उलट करतात. तयारी टाळतात आणि जवळच्या किनाऱ्यावर जाऊन धडपडतात.

आधी इथे का नाही, ते नीट समजून घ्या, कारण त्यातच सर्फिंगचं अर्धं शास्त्र आहे.

सर्फिंगला लागणारी लाट किनाऱ्यावर तयार होत नाही. ती शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर वादळी वाऱ्याने उठते आणि प्रवास करत येते. या प्रवासात आखूड, विस्कळीत लाटा मागे पडतात आणि लांब, सुटसुटीत लाटा पुढे निघतात. त्यांना सर्फर स्वेल म्हणतात. अरबी समुद्रात अशी चांगली स्वेल मुख्यतः दक्षिणेकडून येते, थेट दक्षिण हिंदी महासागरातून. केरळच्या किनाऱ्यावर वारा पडलेला असताना, आकाश निरभ्र असताना अचानक समुद्र आत घुसतो, त्याला तिथले मच्छीमार ‘कल्लक्कडल’ म्हणतात. ती याच दूरच्या स्वेलची करामत.

आता ही लाट मुंबईकडे येते तेव्हा काय होतं? मुंबईसमोरचा उथळ समुद्रतळ सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे. केरळसमोर तो याच्या एका लहानशा हिश्श्याएवढाच आहे. इतका लांबचा उथळ पट्टा पार करताना लाटेची ताकद तळाशी घासून खर्च होते. शिवाय आपले किनारे अगदी सपाट. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीत फुटते, म्हणजे एक मीटरची लाट सव्वा मीटर पाण्यात. किनाऱ्याला ठरावीक उतार असेल तर ती एका जागी, एका ओळीत फुटते. सपाट किनाऱ्यावर ती लांबवर नुसती चुरगळत, फेसाळत राहते.

त्यात आपली भरती-ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. अलिबागला ओहोटीच्या वेळी लोक चालत कुलाबा किल्ल्यात जातात आणि भरतीला तोच किल्ला पाण्याने वेढलेला असतो. लाट फुटण्याची जागा दिवसभर अशी शेकडो मीटर पुढेमागे सरकत असेल, तर नवशिक्याने एकाच जागी, एकाच खोलीत पुन्हा पुन्हा सराव करायचा कसा? वर गढूळ पाणी, त्यामुळे तळाला खडक आहे की वाळू ते दिसत नाही. उरणच्या पीरवाडी किनाऱ्याची अडचण आणखी वेगळी. बंदराचं तोंड जवळ आहे, भरती-ओहोटीच्या पाण्याला तिथे ओढ असते आणि मोठ्या जहाजांची ये-जा चालू असते.

ठाण्याच्या खाडीचं नाव मला अनेकदा ऐकावं लागतं. वाशीच्या पुलावरून पाणी मोठं आणि मोकळं दिसतं हे खरं. पण खाडीत स्वेल पोहोचत नाही, कमरेएवढा चिखल आहे, सांडपाणी येतं, आणि तो भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2015 पासून. 2022 मध्ये त्याला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा हा मानही मिळाला. खाडी पक्ष्यांसाठी आणि कोळी बांधवांसाठी राहू दे. वॉटर पार्कमधला लाटांचा तलाव मजेचा असतो, पण तिथे सर्फिंग शिकता येत नाही, ती लाट बोर्ड उचलून पुढे नेत नाही.

पावसाळ्यात आपल्याकडे लाटा उंच होतात, मग तेव्हा का नको? कारण त्या लाटा जवळच्याच वादळी वाऱ्याच्या असतात, एकामागून एक, कुठल्याही दिशेने, आणि पाणी बाहेर ओढणारे प्रवाह त्या काळात सगळ्यात जोरदार असतात. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. पिढ्यान्पिढ्या समुद्रावर जगणारी माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालत नाहीत. त्या पाण्यात आपण हौसेने जाऊ नये.

आता घरी काय करायचं ते. इथे मी थोडी सविस्तर बोलणार आहे, कारण इथेच सगळं ठरतं.

पहिलं पोहणं. तलावात दोन-तीन फेऱ्या ही सुरुवात झाली, तयारी नव्हे. तुमच्यासाठी माझं माप असं: न थांबता 200 मीटर, कुठल्याही पद्धतीने, वेळेचं बंधन नाही. त्यानंतर लगेच खोल पाण्यात, कठडा न धरता, दहा मिनिटं उभ्याने तरंगता आलं पाहिजे. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. समुद्रात माणूस थकतो तो अंतराने नाही, घाबरून हातपाय मारल्याने थकतो. पाठीवर तरंगून श्वास पूर्ववत करता येणं हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं. महापालिकेच्या कुठल्याही तरणतलावावर प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा की मला वेग नको, मला पाण्यात निवांत राहायला शिकवा. लेकीलाही हेच माप. तिला सूट देऊ नका. मुलं पाण्यात धीट असतात आणि दमल्याचं उशिरा सांगतात.

हे दोन्ही जमल्यावर तलावातच आणखी एक सराव करा. गॉगल काढा, पाण्याखाली कोलांटी मारा, वर-खाली कळेनासं होऊ द्या, आणि मग घाई न करता वर या. लाटेखाली गेल्यावर नेमकं हेच होतं. नवशिक्यांच्या लाटा माणसाला काही सेकंदच खाली ठेवतात, पण नाकातोंडात पाणी गेलं की ते सेकंद फार मोठे वाटतात. एक गोष्ट कटाक्षाने टाळा: एकट्याने श्वास रोखण्याच्या स्पर्धा, किंवा भराभर श्वास घेऊन मग बुडी मारणं. यात चांगले पोहणारेही पाण्याखाली बेशुद्ध पडतात.

दुसरी तयारी खांद्यांची आणि पाठीची. सर्फिंगचे व्हिडिओ पाहून वाटतं की सगळं काम पायांचं आहे. प्रत्यक्षात पाण्यातल्या एका तासात तुम्ही बोर्डवर उभे असता ते काही मिनिटं. उरलेला वेळ पालथं झोपून, छाती वर उचलून, हातांनी पाणी मारत जातो. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या माणसाची पाठ अशी वर उचललेली राहायला तयार नसते. म्हणून भुजंगासन आणि शलभासन रोज करा, आणि हळूहळू त्यात थांबण्याचा वेळ वाढवा. सूर्यनमस्कार येत असतील तर फारच उत्तम. बोर्डवर उठण्याच्या हालचालीला पॉप-अप म्हणतात. भुजंगासनातून एका दमात पुढचं पाऊल दोन हातांच्या मध्ये आणायचं, म्हणजे जवळजवळ पॉप-अपच झाला. फरक इतकाच की मागचं पाऊल आडवं टेकायचं, गुडघे वाकलेले ठेवायचे आणि नजर समोर.

ही हालचाल घरी चटईवर पक्की करा. तळवे छातीच्या खालच्या बरगड्यांशी, सपाट टेकलेले. बोर्डची कड मुठीत धरायची नाही, धरली की बोर्ड कलंडतो. गुडघा टेकवून उठायची सवय अजिबात लावून घेऊ नका. चटईवर ती सोयीची वाटते, पण एकदा बसली की मोडायला फार त्रास होतो. कुठलं पाऊल पुढे हे ठरवायला कुणाला तरी मागून, न सांगता, हलकं ढकलायला सांगा. सावरायला जे पाऊल आधी पुढे जातं तेच सहसा पुढचं. डावं पुढे असेल तर ‘रेग्युलर’ म्हणतात, उजवं असेल तर ‘गूफी’. दोन्ही सारखेच चांगले. तुमचं आणि लेकीचं वेगळं निघालं तर एकमेकांची नक्कल करू नका, एवढंच.

तिसरी तयारी समुद्र वाचण्याची, आणि ती मला सगळ्यात प्रिय आहे. रविवारी अलिबाग-नागावला जरूर जा, पण बोर्ड न घेता. उंच जागी बसून तासभर लाटा बघा. त्या गटागटाने येतात, मध्ये शांतता असते, ती शांतता किती वेळ टिकते ते बघा. लाट कुठे फुटते, आणि भरती चढली की ती जागा कुठे सरकते ते बघा. भरतीची वेळ काढायची कोळी बांधवांची एक जुनी रीत आहे, मला ती दिवाळे कोळीवाड्यात कळली. तिथीचा पाऊणपट करायचा. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊण म्हणजे तीन, दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, चढउतार कमी. हे गणित मुंबईच्या परिसरातल्या किनाऱ्याचं, दक्षिणेत गेल्यावर तिथलं वेळापत्रक बघायचं. लेकीला हे शिकवा. फोनवरचा आकडा विसरला जातो, स्वतः काढलेली भरती लक्षात राहते.

त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट शोधा. फेसाच्या लांब ओळीत मध्येच एखादा पट्टा असा दिसेल जिथे लाट फुटत नाही. पाणी जरा गडद, वरवर शांत, आणि फेस किंवा वाळू किनाऱ्याकडून बाहेर वाहताना दिसते. तो रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी तिथून परत समुद्रात जातं. दुर्दैव असं की अनोळखी माणसाला अंघोळीसाठी तीच जागा सुरक्षित वाटते, कारण तिथे लाटा नसतात. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने प्रवाहाविरुद्ध पोहायचं नाही. बोर्ड सोडायचा नाही, तो तुम्हाला तरंगत ठेवतो. किनाऱ्याला समांतर सरकायचं, ओढ संपली की फेसाच्या लाटांसोबत बाहेर यायचं. दम संपला तर नुसतं तरंगत हात वर करून मदत मागायची. हे पाण्यात उतरण्याआधी तोंडपाठ पाहिजे.

एवढी तयारी व्हायला दोन-तीन महिने जातील. त्यानंतर सलग सुट्टी काढा. माझं ठाम मत आहे की लागोपाठचे पाच-सहा दिवस हे सुटे-सुटे दहा रविवार मिळूनही देणार नाहीत इतकं देतात. तिसऱ्या दिवसापर्यंत शरीर नुसतं दुखतं, आणि चौथ्या दिवशी हालचाली आपोआप व्हायला लागतात. महिन्यातून एकदा गेलात तर तो चौथा दिवस कधीच येत नाही.

कुठे जायचं? तुमच्यासाठी माझी पहिली पसंती कर्नाटकातलं मुळकी. भारतात सर्फिंग शिकवण्याची सुरुवात जिथून झाली त्या मोजक्या जागांपैकी ही एक. शांभवी आणि नंदिनी नद्या जवळच सशिहित्लूला समुद्राला मिळतात, त्यामुळे नदीच्या शांत पाण्यात बोर्डवर हात मारण्याचा सराव करता येतो आणि लगेच पलीकडे लाटाही मिळतात. तिथला भरती-ओहोटीतला फरक दीड मीटरच्या आतबाहेर, म्हणजे आपल्यापेक्षा फारच कमी. मत्स्यगंधा एक्स्प्रेस ठाण्याला आणि पनवेलला थांबते आणि कोकण रेल्वेने त्या भागात उतरवते. केरळातलं वर्कला सुंदर आहे, नेत्रावती एक्स्प्रेस ठाण्याहून थेट जाते, पण प्रवास लांबचा आणि तिथल्या लाटा काही दिवस नवशिक्यांना जड जातात. उत्तर गोव्यातले मांद्रे, आश्वे, हरमल हे किनारे वाळूचे, लाटा लहान, जीवरक्षक हजर. कोकणकन्याने थिवीला उतरायचं. मुलीसोबत पहिल्यांदाच जात असाल आणि समुद्राची थोडी धास्ती असेल तर गोवा चालेल. मात्र कधीकधी तिथे लाटा इतक्या लहान होतात की दोन दिवस नुसते बसून काढावे लागतात.

पश्चिम किनाऱ्यावर ऑक्टोबरअखेर ते मे हा हंगाम. दिवाळीची सुट्टी उत्तम. डिसेंबर ते फेब्रुवारी समुद्र सगळ्यात शांत, अगदी कोऱ्या नवशिक्याला चांगला. मार्चनंतर दक्षिणेची लांब स्वेल अधूनमधून येते, तेव्हा प्रशिक्षकाचं ऐकून दिवस निवडायचा. शाळेची उन्हाळी सुट्टी जूनमध्ये गेली तर पश्चिम किनारा विसरा आणि चेन्नईजवळच्या कोवलमचा किंवा महाबलीपुरमचा विचार करा. नैर्ऋत्य मोसमी वारा तिथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे आपल्याकडे खवळलेलं असताना तिकडे सकाळी लाटा सुरेख आणि आवाक्यातल्या असतात. आशियाई सर्फिंग स्पर्धा 2025 च्या ऑगस्टमध्ये महाबलीपुरमला झाली ती उगाच नाही.

कुठेही गेलात तरी पाण्यात सकाळी लवकर उतरा. भूगोलात आपण मतलई वारे शिकलो ते पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवतात. दुपारी खारे वारे सुरू झाले की तोच समुद्र खडबडीत होतो. अंदाज बघायला हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेची माहिती वापरा. त्यात उंचीसोबत दोन लाटांमधले सेकंदही बघायचे. एक मीटर आणि पाच सेकंद म्हणजे वाऱ्याने उठलेली खळबळ. एक मीटर आणि बारा सेकंद म्हणजे दुरून आलेली, बरीच ताकद असलेली लाट. तुम्हाला सुरुवातीला अर्धा ते पाऊण मीटर पुरे.

शाळा निवडताना दर शेवटी विचारा. आधी हे विचारा: एका प्रशिक्षकामागे किती शिकाऊ? चार-पाचांच्या वर असतील तर नको. प्रशिक्षकाकडे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं प्रमाणपत्र आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण आहे का? तो स्वतः पाण्यात तुमच्यासोबत उभा राहतो की वाळूवरून हाका मारतो? लाटा मोठ्या असतील तर धडा रद्द करून पैसे परत देतात का? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून शाळा कळते. जी शाळा तुम्हाला पोहण्याबद्दल एकही प्रश्न न विचारता नाव नोंदवून घेते, तिथे लेकीला पाठवू नका.

पहिल्या दिवशी तुम्हाला फोमचा मोठा बोर्ड देतील. लहान, चकचकीत बोर्ड मागू नका. तुमच्या वजनाच्या माणसाला आठ-नऊ फुटांचा, लेकीला सात फुटांच्या आसपासचा ठीक. बोर्डचं आकारमान किती लिटर ते त्यावर लिहिलेलं असतं. वजन 75 किलो असेल तर 85 ते 100 लिटरचा बोर्ड सुरुवातीला स्थिर वाटतो. घोट्याला बांधायची दोरी म्हणजे लीश, ती मागच्या पायाला बांधायची, हाताला कधीही गुंडाळायची नाही.

काम कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसाच्या लाटांवर चालतं. बोर्ड नेहमी तुमच्या बाजूला ठेवायचा. तुम्ही आणि येणारी लाट यांच्यामध्ये बोर्ड आला की तो तुमच्या तोंडावर आदळतो. सुरुवातीच्या बहुतेक जखमा अशाच होतात. बोर्डवर झोपताना पुढचं टोक पाण्याच्या दोन-तीन इंच वर राहील इतकं मागेपुढे सरकून जागा शोधा. फार पुढे झोपलात तर टोक पाण्यात घुसतं, फार मागे झोपलात तर लाट तुम्हाला सोडून निघून जाते. ती जागा सापडली की बोर्डवर छातीखाली कुठली खूण येते ते लक्षात ठेवा. पहिला पूर्ण धडा नुसता पालथं झोपून किनाऱ्यापर्यंत येण्यात गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. मला तर असा धडा फार आवडतो. लाट मागून उचलते तो क्षण अंगाला कळायला लागतो, आणि तो कळल्याशिवाय उठण्यात अर्थ नाही.

उठताना खाली बघायचं नाही. पाय कुठे पडले हे बघायला मान वाकली की डोकं खाली, वजन पुढे, आणि माणूस पाण्यात. किनाऱ्यावरचं एखादं झाड ठरवा आणि त्याच्याकडे बघत उठा. पडताना उडी मारायची नाही, डोक्यावर तर कधीच नाही. अंग पसरून, पाठीवर किंवा कुशीवर, शक्य तितकं उथळ पडायचं, आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती ठेवायचे, कारण बोर्ड वर कुठेतरी आहे.

फेसाच्या लाटेवर पहिल्या एक-दोन दिवसांत बहुतेक सगळे उभे राहतात, तुम्हीही राहाल. न फुटलेली, हिरवी लाट पकडणं ही मात्र पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तिथे लाटेचा वेग आणि तुमचा वेग जुळावा लागतो. धावत्या लोकलमध्ये चढण्याचा धोका कुणी घेऊ नये, पण ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना कळेल: आधी दोन-चार पावलं गाडीसोबत पळावं लागतं. लाट जवळ येण्याआधीच हात मारायला लागायचं, आणि ती उचलते आहे असं वाटल्यावर थांबायचं नाही, आणखी दोन हात मारायचे. नवशिके नेमके तिथे थांबतात. पहिल्या आठवड्यात अशी एखादी लाट मिळाली तर आनंद माना, नाही मिळाली तर ते अगदी स्वाभाविक आहे.

लेक तुमच्यापेक्षा लवकर शिकेल. तिचं वजन कमी, अंग लवचिक, पडायची भीती कमी. तिला वेगळा प्रशिक्षक द्या. आईबाप शेजारी असले की सूचनांचा मारा होतो आणि पोर लाटेकडे बघण्याऐवजी तुमच्याकडे बघत राहतं. तुम्हाला तिची काळजी वाटणार, म्हणून एक नियम दोघांनी आधीच ठरवा: बाहेर यायची खूण झाली की वाद न घालता बाहेर.

काही सुटे तपशील. सुती टी-शर्ट पाण्यात जड होतो आणि छाती-पोटाची कातडी सोलवटते, पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा शर्ट घ्या, दोघांनाही. उन्हासाठी झिंकचं मलम नाकाला आणि कानांच्या पाळ्यांना. वाळूच्या तळावर पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे तळाशी पडलेलं पाकट बाजूला होतं. त्याचा काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. चष्मा असेल तर तो किनाऱ्यावरच राहील, म्हणून प्रशिक्षकाला आधी सांगा की तुम्हाला दुरून हातवारे दिसत नाहीत. पूर्वी खांदा निखळला असेल किंवा कानाच्या पडद्याचा त्रास असेल तर जाण्याआधी डॉक्टरांना विचारा, नंतर नाही.

राहिला बोर्ड. पहिल्या दोन सहलींत भाड्याचाच वापरा. तुम्हाला कुठल्या लांबीचा मानवतो हे त्याशिवाय कळणार नाही, आणि नऊ फुटांचा बोर्ड रेल्वेने नेणं हे वेगळंच दिव्य आहे. दुसऱ्या सहलीनंतरही ओढ तशीच राहिली तर तुमच्यापुरता एक जुना, वापरलेला फोम बोर्ड तिकडच्या शाळेकडूनच घ्या. हंगाम संपताना शाळा जुने बोर्ड काढतात. जमलं तर तिथेच ठेवायची सोय करून घ्या, घणसोलीच्या गॅलरीतल्या उन्हात फोमचे थर सुटतात. लेकीसाठी मात्र इतक्यात घेऊ नका, वर्षभरात तिची उंची आणि वजन दोन्ही बदललेलं असेल.